तोरिनोचं गोड तेल

फेब्रुवारी १८४७. आधी पाय सांभाळा. व्हिया पो या रस्त्याच्या कडेला अर्धवट वितळलेल्या बर्फाचा चिखल आहे आणि तुमच्या पायात मुंबईच्या पावसाळ्यासाठी घेतलेले बूट आहेत. कमानींच्या खाली या. हे शहरच कमानींचं आहे. राजवाड्यासमोरच्या चौकातून निघालेला माणूस छत्री न उघडता थेट नदीपर्यंत पोचतो. रस्त्याच्या टोकाशी पो नदी, पलीकडं टेकड्या, आणि मागं वळून पाहिलंत तर आल्प्सची पांढरी रांग, इतकी जवळ की हात लावावासा वाटावा.

शहराचं नाव तोरिनो. आपल्या भूगोलाच्या पुस्तकात ट्युरिन. इटली नावाचा देश अजून नकाशावर उगवलेला नाही. तुम्ही उभे आहात ते सार्डिनियाच्या राज्यात, आणि गादीवर आहे कार्लो आल्बेर्तो. शेजारून जाणारी माणसं पीडमॉन्टी बोलतात, बड्या घरची फ्रेंच बोलतात. इटालियन बरीचशी कागदावरच राहते. थंडी सोसत नसेल तर एखाद्या कॅफेत शिरा आणि बिचेरिन मागा. लहानशा काचेच्या ग्लासात खाली चॉकलेट आणि कॉफी, वर साय. मात्र एकावर थांबा. आज दुपारी तुमचं डोकं दुखणार आहे. त्यात पित्ताची भर नको.

आपल्याला भेटायचंय त्या माणसाचं वय चौतीस. आस्कानियो सोब्रेरो. जन्म १२ ऑक्टोबर १८१२ चा, इथून पूर्वेला असलेल्या काझाले मोन्फेर्रातो या गावातला. शिकला वैद्यकी, पण मन रमलं रसायनात. घरातच तसं वळण होतं. चुलते तोफखान्यातले अधिकारी होते आणि रसायन शिकायला स्वीडनला बर्झेलियसकडं जाऊन आले होते. पुतण्या आधी पॅरिसला गेला आणि तेओफिल-ज्यूल पेलूझच्या प्रयोगशाळेत राबला. मग जर्मनीत गीसेनला लीबिगकडं. त्या काळी सेंद्रिय रसायन शिकायचं तर गीसेनची वारी चुकत नसे. परत आल्यावर १८४५ मध्ये त्याला तोरिनोत नवीन सुरू झालेल्या उपयोजित रसायनाच्या वर्गावर शिकवायचं काम मिळालं. विद्यार्थी कारागीर आणि कारखानदारीकडं वळणारे. विषय साबण, रंग, कातडी, काच असे रोजच्या उपयोगाचे.

आत चला. पहिल्यांदा वास जाणवेल, नायट्रिक आम्लाचा. नाकाच्या वरच्या टोकाला झोंबणारा. कोळशाच्या शेगड्या, वाकड्या मानेची काचेची भांडी, खलबत्ते, डाग पडलेलं लाकडी टेबल. धूर बाहेर काढणारा पंखा नाही, डोळ्यांवर चष्मा नाही, हातमोजे नाहीत. खिडकी उघडी आहे आणि आज ते बरंच आहे, कारण आजचं सगळं काम थंडीवर अवलंबून आहे.

इथं काय चाललंय ते कळायला आदल्या वर्षीची बातमी माहीत हवी. १८४६ मध्ये बाझेलच्या शोनबाइननं कापूस नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाच्या मिश्रणात बुडवून, धुऊन, वाळवून दाखवला. दिसायला तसाच कापूस, पण ठिणगी लागताच धूर न करता भक्कन नाहीसा होणारा. युरोपभरचे तोफखाने जागे झाले आणि युरोपभरचे रसायनशास्त्रज्ञही. पेलूझनं १८३८ मध्येच कागदावर आणि कापसावर असले प्रयोग केले होते, आणि सोब्रेरो तर त्याचाच शिष्य. मग त्यानं हाताला येईल ते आम्लात घालून पाहायला घेतलं. ऊसाची साखर, डेक्स्ट्रिन, दुधातली साखर, सिसिलीत झाडाच्या चिकापासून मिळणारं मॅनाइट. आणि सर्वांत शेवटी ग्लिसरीन.

ग्लिसरीनला तेव्हा कोणी विचारत नव्हतं. चरबीचा साबण झाला की मागं उरणारं ते गोड, चिकट पाणी. स्वीडनच्या शेलेनं ते अठराव्या शतकात वेगळं काढलं, फ्रान्सच्या शेव्ह्रलनं त्याला नाव दिलं. साबणवाले ते फेकून देत. म्हणजे टेबलावरच्या त्या बाटलीची किंमत आज जवळजवळ शून्य आहे.

तुमच्याकडं बर्फाचं काम आलंय. भांड्याभोवती बर्फ आणि मीठ रचत राहायचं, पाणी सुटलं की काढून टाकायचं, पुन्हा भरायचं. पाच मिनिटांत बोटं बधिर होतील. आतल्या भांड्यात दोन्ही आम्लांचं मिश्रण आहे आणि सोब्रेरो त्यात ग्लिसरीन सोडतोय, थेंब थेंब, ढवळत ढवळत. त्याची नजर काचेवरून हलत नाही. मिश्रण तापलं तर तांबूस वाफा उठतात, आणि त्या उठल्या की पुढचं काही आपल्या हातात राहत नाही. आज उठत नाहीत. ग्लिसरीन गुपचूप विरघळतं. काही घडतंय असं वाटतही नाही.

मग तो ते सगळं भरपूर पाण्यात ओततो. आता वाका आणि नीट बघा. तेल पाण्यावर तरंगतं, हे आपण लहानपणापासून पाहत आलो. हे तेल तळाशी जातंय. फिकट पिवळे, जड, गोल थेंब पाण्यातून उतरतात आणि खाली एकमेकांत मिसळून बसतात. पाण्याच्या दीडपटीहून अधिक घनता. तो ते पुन्हा पुन्हा धुतो, कारण आम्लाचा अंश मागं राहिला तर तेल आतल्या आत कुजायला लागतं. मग वाळवतो. घड्याळाच्या काचेवर, म्हणजे रसायनवाले वापरतात त्या उथळ काचेच्या वाटीत, जेमतेम चमचाभर पदार्थ उरलाय.

जगात हा पदार्थ याआधी कोणी पाहिला नव्हता. आणि त्याच्याशी ओळख करून घ्यायची तर त्या काळाच्या रिवाजाप्रमाणं दोन गोष्टी करायच्या: तापवून बघायचं आणि चाखून बघायचं.

आधी तापवणं. प्लॅटिनमच्या पत्र्यावर एक थेंब, खाली ज्योत. थेंब पेटतो आणि जळून जातो, फारशी गडबड न करता. तुम्ही सुटकेचा श्वास टाकता. पुढचा थेंब काचेच्या नळीत आहे. तसाच थेंब, तशीच ज्योत, आणि या खेपेला कानठळ्या. काच नाहीशी होते. तिचे तुकडे सोब्रेरोच्या हातात आणि चेहऱ्यात घुसले आहेत. ते वण त्याच्याकडं राहतील. वणांपेक्षा मोठी गोष्ट ही की एकच पदार्थ एकदा शांतपणं जळतो आणि एकदा फुटतो, आणि कधी काय करेल ते सांगता येत नाही. पुढची सतरा-अठरा वर्षं हा लहरीपणाच या तेलाचं भवितव्य ठरवणार आहे.

आता चाखणं. नाक मुरडू नका. १८४७ मध्ये पदार्थाचं वर्णन चवीशिवाय पुरं होत नसे. काडीच्या टोकाला ओलसरपणा येईल इतकंच घ्या, जिभेला लावा, गिळू नका. चव गोड आहे, मागून तिखट, जराशी सुगंधी. वाईट नाही. वीस-तीस सेकंद जातात. चेहरा गरम होतो. कानशिलं ठोकायला लागतात, मग मान, मग सगळं डोकं. प्रत्येक ठोका कवटीच्या आतून लागतो. हातपाय ढिले पडतात, बसावंसं वाटतं. बसा. हे काही तास चालेल. सोब्रेरोलाही हेच झालं, आणि त्यानं ते जसंच्या तसं लिहून ठेवलं. वर इशाराही दिला की याला हाताळताना फार जपा, कारण जिभेवरचा अगदी लहानसा कणसुद्धा जबर डोकेदुखी आणतो. एका कुत्र्यालाही त्यानं थोडं दिलं. कुत्र्याच्या तोंडाला फेस आला, ओकाऱ्या झाल्या. आज कुठल्याही नीतिसमितीनं यातलं काहीच करू दिलं नसतं. मात्र त्या डोकेदुखीच्या नोंदीकडं मी पुन्हा येणार आहे, कारण माझ्या मते त्या दिवसातली सर्वांत मौल्यवान गोष्ट तीच होती.

डोकं धरून का होईना, पण चला. त्याच महिन्यात सोब्रेरो तोरिनोच्या विज्ञान अकादमीपुढं निबंध वाचतो. अकादमीची इमारत तुम्हाला चकित करील, कारण तिच्यातच १८२४ पासून इजिप्तचं संग्रहालय आहे. शांपोल्यों चित्रलिपीचा अभ्यास करायला त्याच वर्षी इथं येऊन गेला. रसायनाचा निबंध ऐकायला जाणारे सभासद ममी आणि दगडी राजे असलेल्या इमारतीत शिरतात. सिंहमुखी सेख्मेतचे काळे पुतळे ओळीनं बसलेत. रोगराई धाडणारी हीच देवता, आणि वैद्यांची पालनकर्तीही हीच. यात काही सूचक आहे वगैरे म्हणायचा मोह मी आवरतो. तुम्ही वर चला.

निबंधाचा विषय आहे नायट्रिक आम्लापासून मिळालेले नवे स्फोटक पदार्थ. आपल्या तेलाला तो पिरोग्लिचेरिना म्हणतो, आज आपण त्याला नायट्रोग्लिसरीन म्हणतो. पॅरिसला पेलूझच्या नावे पत्रही गेलंय आणि त्याच महिन्यात ते फ्रेंच अकादमीपुढं आलं. सोब्रेरोनं घाबरून हा शोध वर्षभर दडवून ठेवला, अशी गोष्ट तुम्ही कुठंतरी वाचली असेल. छान गोष्ट आहे, पण दडवायचं असतं तर त्यानं पॅरिसला पत्र धाडलं नसतं. त्यानं कृती सांगितली, गुण सांगितले, धोका सांगितला, आणि कुठलंही पेटंट न घेता सगळं जगासमोर मांडलं. भीती त्याला वाटली, पण ती त्यानं निबंधात लिहिली, कपाटात ठेवली नाही.

सभागृहात त्या पदार्थाचं रेणुसूत्र विचाराल तर मात्र गोंधळ उडेल. रेणू म्हणजे काय, अणुभार कोणता धरायचा, यावरच अजून एकमत नाही. तो घोळ पुढं १८६० मध्ये कार्ल्सरूहच्या परिषदेत दुसऱ्या एका इटालियनानं, सिसिलीच्या स्तानिस्लाओ कान्निझारोनं, सोडवायला घेतला. म्हणजे सोब्रेरो अंधारात चाचपडत बरोबर दारापाशी पोचला होता. आज आपण सांगू शकतो की ग्लिसरीनच्या रेणूत तीन जागा असतात आणि तिन्हींवर नायट्रेटचे गट बसतात. सुरुंगाच्या काळ्या दारूत कोळसा आणि गंधक जाळायला लागणारा ऑक्सिजन सोऱ्यातून येतो, म्हणजे शेजारच्या कणातून. इथं कार्बन आणि ऑक्सिजन एकाच रेणूत नांदतात. वाट पाहावी लागत नाही. चार रेणू फुटले की वायूचे एकोणतीस रेणू तयार होतात आणि स्फोटाची लाट सेकंदाला सात किलोमीटरहून जास्त वेगानं पुढं सरकते.

मग याचा सुरुंग लगेच का झाला नाही? तुम्ही स्वतःच पाहिलंत. वात लावली तर कधी जळतं, कधी फुटतं. असल्या भरवशावर कोणी डोंगर फोडायला घेत नाही. वर अंदाजे १३ अंश सेल्सियसला ते घट्ट होतं, आपल्याकडं पौषात खोबरेल बाटलीत बसतं तसं. पुढं खाणीतली माणसं असं घट्ट झालेलं तेल शेगडीजवळ ठेवून पातळ करायला गेली आणि जिवाला मुकली. १८४७ च्याच जुलैत इंग्लंडमध्ये फॅव्हरशॅमचा स्फोटक कापसाचा कारखाना उडाला आणि या सगळ्या कुळाबद्दलचा उत्साह ओसरला. १८४८ मध्ये पीडमॉन्ट ऑस्ट्रियाशी लढायला उतरलं. सोब्रेरो आपल्या वर्गाकडं, पाठ्यपुस्तकाकडं आणि टर्पेंटाइनच्या प्रयोगांकडं वळला.

आता आपण सतरा वर्षं ओलांडतो. मधल्या काळातलं एवढंच ध्यानात ठेवा की आल्फ्रेड नोबेल नावाचा स्वीडिश तरुण पॅरिसला पेलूझकडं थोडा काळ राहून गेला होता. सेंट पीटर्सबर्गला झिनिन या प्राध्यापकानं त्याला हे तेल दाखवलं होतं, ऐरणीवर एक थेंब ठेवून वर हातोडा मारून. फुटला तो फक्त हातोड्याखालचा भाग. नोबेलला प्रश्न नेमका कळला: सगळं तेल एकदम फुटावं कसं?

३ सप्टेंबर १८६४, स्टॉकहोम, हेलेनेबोर्ग. इथं मी तुम्हाला फार वेळ थांबवणार नाही. नोबेल कुटुंबाची शेडवजा प्रयोगशाळा उडाली आहे. मेलेल्यांमध्ये आल्फ्रेडचा धाकटा भाऊ एमिल आहे, वय वर्षं वीस. सरकारनं शहरात हे तेल बनवायला मनाई केली, तर आल्फ्रेडनं मेलारेन सरोवरातल्या एका तराफ्यावर काम चालू ठेवलं. हट्ट म्हणा, नाहीतर आणखी काही. त्यानं तोड शोधली ती अशी: तेल तापवायचंच नाही, आधी त्याच्या शेजारी एक लहान स्फोट करायचा, आणि त्याचा धक्का सगळ्या तेलाला एका क्षणात उडवतो. आज ज्याला डेटोनेटर म्हणतात तो हाच. तोरिनोच्या टेबलावरचा लहरीपणा इथं संपला.

अपघात मात्र संपले नाहीत. एप्रिल १८६६ मध्ये पनामाच्या किनाऱ्यावर एक जहाज उडालं, आणि दोन आठवड्यांच्या आत सॅन फ्रान्सिस्कोत एका वाहतूक कंपनीची कचेरी. पातळ तेल डब्यातून झिरपतं, आणि हमालाला ते काय आहे हे ठाऊक नसतं. मग नोबेलनं ते कीझेलगूर नावाच्या सच्छिद्र मातीत जिरवलं. १८६७ चं पेटंट. नाव डायनामाइट.

आपल्या बोरघाटाची आठवण इथं येते. तिथला रेल्वेचा चढ १८६३ मध्ये खुला झाला, म्हणजे डायनामाइटच्या चार वर्षं आधी. ते पंचवीस बोगदे पहारींनी भोकं पाडून, काळी दारू ठासून फोडलेले आहेत. खंडाळ्याहून गाडी खाली उतरेल तेव्हा खिडकीतून ते कातळ बघा. तोरिनोवाल्यांचंही तेच झालं. त्यांच्या दारातला आल्प्सखालचा फ्रेझ्यूसचा बोगदा १८७१ मध्ये खुला झाला, तोही जुन्या दारूच्याच जोरावर. त्यानंतरचा गोटहार्ड, पंधरा किलोमीटरचा, १८७२ ते १८८२ या काळात डायनामाइटनं फोडला.

आता पुन्हा पीडमॉन्ट. १८७० चं दशक, तोरिनोहून सूसाच्या दरीकडं जाणारी आगगाडी. आविल्याना या गावात उतरा. दोन तळी, डोंगरावर पडका किल्ला, आणि गावाबाहेर नोबेलचा डायनामाइटचा कारखाना. हा कारखाना एका मोठ्या इमारतीत नाही. मातीचे उंच बांध घालून एकमेकांपासून तोडलेल्या कितीतरी लहान खोल्या आहेत, म्हणजे एक उडाली तर शेजारची वाचावी. बांधातून आत गेलात की आवाज दबतात. कांडी भरण्याच्या खोल्यांत बायका काम करतायत. आज सोमवार आहे हे तुम्हाला कोणी सांगायला नको. अर्ध्या माणसांनी कपाळ धरलंय. आठवडाभर हात आणि श्वास यांतून तेल अंगात जात राहतं तेव्हा शरीर त्याला सरावतं. रविवारी घरी राहिलं की सराव मोडतो आणि सोमवारी पुन्हा तीच कानशिलं, तोच ठोका. असल्या कारखान्यांतली काही कामगार मंडळी यावर उपाय म्हणून टोपीच्या आतल्या पट्टीला थोडंसं तेल चोळून ती सुट्टीच्या दिवशीही घालत. तुम्हाला ही डोकेदुखी ओळखीची आहे. सोब्रेरोनं ती तीस वर्षांपूर्वी लिहून ठेवली होती.

या कारखान्याशी सोब्रेरोचंही नातं आहे. नोबेलनं त्याला पगारी सल्लागार नेमलंय. सोब्रेरोनं आता साठी ओलांडली आहे. तो अजून तोरिनोत शिकवतो. या म्हाताऱ्याच्या मनात काय चाललं असेल? त्याचं लिखाण दोन गोष्टी सांगतं आणि त्या एकमेकींना छेदतात. शोध आपला आहे हे जगानं विसरू नये असं त्याला वाटत होतं. आणि या तेलानं जे बळी घेतले आणि पुढं घेईल त्यांचा विचार आला की हा शोध आपला आहे हे कबूल करायची लाज वाटते, असंही त्यानं लिहिलं. त्याचे चरित्रकार यातली एकच गोष्ट निवडतात. कुणी लाजेची निवडून त्याला संत करतं, कुणी श्रेयाची निवडून त्याला कुढणारा करतं. मला दोन्ही एकाच माणसाच्या वाटतात. पोर वाया गेलं म्हणून बापाला लाज वाटते, म्हणून त्याच्या नावापुढं दुसऱ्याचं नाव लागलेलं त्याला चालतं असं नाही.

आणि नोबेलनं चोरलं का? नाही. तेल कोणी शोधलं हे तो उघडपणे सांगत आला, आणि पैसेही दिले. त्यानं स्वतः शोधलं ते वेगळं होतं: तेल हवं तेव्हा फुटेल आणि नको तेव्हा फुटणार नाही याची सोय. ही सोय नसती तर सोब्रेरोचं तेल प्रयोगशाळेतलं नवल म्हणूनच उरलं असतं, आणि खरं सांगायचं तर सोब्रेरोला ते तसंच उरलेलं आवडलं असतं. माझी तक्रार नोबेलबद्दल नाही, वैद्यांबद्दल आहे.

ती अशी. १८४७ मध्ये सोब्रेरोनं जिभेवर एक कण ठेवला आणि अर्ध्या मिनिटात धमन्या ठोकायला लागल्या. हे ज्यानं नोंदवलं तो स्वतः वैद्यकी शिकलेला होता. तरी त्या नोंदीत औषध आहे हे कळायला वैद्यकाला तीसहून अधिक वर्षं लागली. मधल्या काळात फिलाडेल्फियाच्या हेरिंगनं ते होमिओपॅथीत नेलं, ग्लोनॉइन या नावानं. पुण्यामुंबईच्या होमिओपॅथीच्या दुकानांत ते अजून मिळतं, उन्हानं डोकं उठलं तर देतात. त्यात मूळ पदार्थ उरतो किती, हा वाद इथं काढत नाही. खरी पारख झाली ती १८७९ मध्ये, लंडनला. विल्यम मरेल या डॉक्टरनं या पदार्थाच्या बाटलीचं ओलं बूच सहज जिभेला लावलं आणि त्याचंही डोकं ठोकायला लागलं. त्याला मात्र पुढचं सुचलं: ज्यानं रक्तवाहिन्या अशा सैल होतात, ते हृदयाच्या रक्तवाहिन्या आवळल्यानं छातीत कळ येणाऱ्याला का देऊ नये? त्यानं दिलं, कळ थांबली, आणि तसं त्यानं ‘लॅन्सेट’मध्ये छापलं.

म्हणजे आजोबांच्या सदऱ्याच्या खिशातल्या गोळीपर्यंत आपण पोचलो. आपल्याकडं घराघरांत सॉर्बिट्रेट म्हणून ओळखली जाते ती गोळी नेमकी सोब्रेरोच्या तेलाची नाही, त्याच्या सख्ख्या नात्यातल्या आयसोसॉर्बाइड डायनायट्रेटची आहे. पण काम तेच आणि जागाही तीच, जिभेखाली. ती घेतल्यावर डोकं का ठणकतं, असं आजोबांनी विचारलं तर तुमच्याकडं आता उत्तर आहे. औषध लागू पडल्याची ती खूण आहे. छातीतल्या वाहिन्या सैल झाल्या, डोक्यातल्याही झाल्या. हे नेमकं कसं होतं ते १९७० च्या दशकात उमगायला लागलं: शरीरात या पदार्थापासून नायट्रिक ऑक्साइड सुटतो आणि वाहिन्यांच्या भिंतींतले स्नायू ढिले करतो. त्या कामासाठी फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना १९९८ मध्ये वैद्यकाचं पारितोषिक मिळालं. पारितोषिक नोबेलचं होतं, आणि त्यामागचा पैसा बऱ्याच अंशी डायनामाइटचा. खुद्द नोबेलला उतारवयात डॉक्टरांनी हृदयासाठी नायट्रोग्लिसरीन सुचवलं तेव्हा नियतीची ही थट्टा त्यानं पत्रात नोंदवली. १८९६ मध्ये तो इटलीतच, सान रेमोला वारला.

सोब्रेरो त्याच्या आठ वर्षं आधी गेला होता, २६ मे १८८८ ला, तोरिनोत. डायनामाइटच्या कुठल्याच पेटीवर त्याचं नाव नव्हतं. पण तुम्हाला ते एका बाटलीवर सापडेल. तेलाचा नाद सोडून तो टर्पेंटाइनकडं वळला होता हे वर येऊन गेलं. १८५१ मध्ये त्यानं टर्पेंटाइन ऑक्सिजनमध्ये, ओलाव्यात, उन्हात ठेवलं आणि काही काळानं त्यात पांढरे स्फटिक धरले. पुढच्या पिढीच्या रसायनशास्त्रज्ञांनी त्या स्फटिकांना त्याचं नाव दिलं, सोब्रेरोल. छातीतला कफ पातळ करायला इटलीतले डॉक्टर ते विसाव्या शतकातही लिहून देत.